पंख्याची घरघर दाराआड: घरच्या थिन क्लायंटचा प्रयोग

निःशब्द

माझं बरंचसं काम रात्रीचं. सगळे झोपले की टेबलाशी बसायचं आणि पायाशी ठेवलेल्या टॉवरची घरघर ऐकत बसायचं. दिवसा ती कानात शिरत नाही. बारानंतर मात्र त्या पंख्याशिवाय दुसरं काही ऐकूच येत नाही. पंखा बदलला, धूळ काढली, थर्मल पेस्ट नवी लावली. पंधरा दिवस बरं वाटलं, मग ये रे माझ्या मागल्या.

घरात असे तीन टॉवर. माझा, बायकोचा आणि लेकीचा. शेवटी ठरवलं की आवाज करणारं यंत्र घरात एकच ठेवायचं, तेही अडगळीच्या खोलीत, दाराआड. टेबलांवर फक्त बिनपंख्याचे छोटे डबे, म्हणजे सर्व्हरच्या जिवावर चालणारे छोटे संगणक, थिन क्लायंट.

डबे जुनेच घेतले, कचेऱ्यांतून निघालेले. दोन डेल वाइज ५०७०, आत इंटेलची पेंटियम सिल्व्हर जे५००५. तिसरा त्याहून जुना, २०१३ च्या पिढीतली एएमडीची जीएक्स चिप असलेला. तिन्हींत हलणारा भाग एकही नाही. प्रत्येकात ८ जीबी रॅम टाकली. बायकोचा टॉवर त्यातल्या त्यात दणकट होता, त्यात ३२ जीबी रॅम आणि एसएसडी घालून त्यालाच सर्व्हर केलं.

सॉफ्टवेअर एलटीएसपी, म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट. १९९९ चा प्रकल्प, २०१९ मध्ये मुळापासून नव्याने लिहिला गेला. जुने लेख वाचून कामाला लागाल तर फसाल, कारण त्यांतल्या कमांड आता लागूच होत नाहीत. माझे पहिले दोन दिवस असेच वाया गेले.

चालतं ते असं. डबा सुरू केला की तो नेटवर्कवर हाक मारतो: मला पत्ता द्या आणि बूट व्हायला काहीतरी द्या. पत्ता राऊटर देतो. बूटचं उत्तर सर्व्हरवरचा डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम देतो. नेटवर्कवरून बूट होण्याच्या या पद्धतीला पीएक्सई म्हणतात. तो प्रॉक्सी म्हणून चालवला तर राऊटरच्या कामात लुडबूड करत नाही, त्यामुळे राऊटरला हात लावावा लागला नाही. मग टीएफटीपीने (फाईल पाठवायची साधी पद्धत) आयपीएक्सई या बूट प्रोग्रॅमची छोटी फाईल येते, ती कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ओढून आणते, आणि कर्नल एनएफएसवरून (नेटवर्कवरून फोल्डर वापरायची पद्धत) अख्खी सिस्टिम जोडून घेतो. ही सिस्टिम म्हणजे सर्व्हरवरच्याच इन्स्टॉलेशनची दाबून बसवलेली एक स्क्वॉशएफएस फाईल. डब्याला ती फक्त वाचता येते. वर जे काही बदल होतात ते रॅममध्ये, बंद केलं की गायब. होम फोल्डर तेवढं सर्व्हरवर खरंखुरं राहतं.

याचा मला सगळ्यात आवडलेला भाग: लेकीने काहीही उद्योग केले तरी रिस्टार्ट मारला की मशीन जसंच्या तसं. अपडेट सर्व्हरवर एकदा करायचं, इमेज पुन्हा बनवायची, डबे बंद करून चालू करायचे. तीन मशीनची सेवा आता एकाच ठिकाणी.

आता आकडे. सॉकेटला लावायचं वॉटमीटर आणलं होतं. जुना टॉवर नुसता चालू असताना ५८ वॉट खायचा. डबा खातो ६. सर्व्हर ३८. टेबलावर ५८ च्या जागी ६ आले आणि आवाज शून्य. म्हणून म्हटलं सगळ्यांना सांगावं. अनुभव, शंका, टोमणे, सगळ्याचं स्वागत.

गणिती

छान लिहिलंय. पण मीटर आणलंच आहे तर हिशोब पूर्ण करू.

दिवसाला प्रत्येकी सहा तास वापर धरतो. आधी: ५८ वॉट, तीन टॉवर, सहा तास, म्हणजे रोज १०४४ वॉट-तास. वर्षाला ३८१ युनिट.

आता: ६ वॉट, तीन डबे, सहा तास, रोज १०८ वॉट-तास. वर्षाला ३९ युनिट. वा! पण तुमचा सर्व्हर अडगळीत चोवीस तास जागा आहे ना? ३८ गुणिले २४ म्हणजे रोज ९१२. वर्षाला ३३३ युनिट.

३९ अधिक ३३३, झाले ३७२. आधी ३८१ होते.

एवढा खटाटोप करून वाचली ९ युनिट. तेवढी वीज १ वॉटचा दिवा वर्षभर जळत ठेवला तरी जाते.

निःशब्द

@गणिती, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ गप्प बसलो. सर्व्हर चालूच राहतो हे डोळ्यांसमोर होतं, पण दार बंद असल्यामुळे तो हिशोबातूनही बाहेर गेला. आवाज गेला म्हणजे वीजही गेली असं धरून चाललो होतो.

जुना_टर्मिनलवाला

मी एक्स टर्मिनलच्या काळातला माणूस, त्यामुळे दोन शब्द.

पहिलं म्हणजे, निःशब्दराव, तुमचे डबे खऱ्या अर्थाने 'थिन' नाहीत. एलटीएसपीच्या नव्या पद्धतीत डिस्क तेवढी सर्व्हरची, ब्राउझर चालतो तो डब्याच्याच प्रोसेसरवर आणि डब्याच्याच रॅममध्ये. आम्ही याला फॅट क्लायंट म्हणायचो, डिस्कलेस म्हणा हवं तर. खरा थिन म्हणजे प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतो आणि डब्याकडे फक्त चित्र येतं, डब्याकडून फक्त कळा आणि माऊस जातात. तुम्ही नकळत बरा मार्ग निवडलात, कारण घरगुती वापरात सगळा घोळ त्या चित्रापाशीच होतो.

१९२० गुणिले १०८०, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ६० चौकटी. गुणाकार केला की जवळपास ३ गिगाबिट प्रतिसेकंद होतात. आपल्या घरची केबल १ गिगाबिटची. म्हणजे चित्र दाबल्याशिवाय जाणारच नाही. दाबायला सर्व्हरचा घाम निघतो, उलगडायला डब्याचा. मजकूर आणि तक्ते असतील तर काही प्रश्न नाही, कारण पडद्याचा इवलासा तुकडा बदलतो. व्हिडिओ लावला की पडदाच्या पडदा बदलतो.

आमच्या वेळी हा प्रश्न यायचा नाही, कारण प्रोग्रॅम सांगायचा, 'इथून इथे रेघ ओढ, इथे ही अक्षरं लिही', आणि रेघ टर्मिनल ओढायचं. एक्स विंडोची मूळ रचनाच तशी, १९८४ ची. आताचे प्रोग्रॅम आधी स्वतःच चित्र रंगवतात आणि तयार चित्र हातात देतात. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडमध्ये तर नेटवर्कवरून रेघा ओढण्याची भानगडच ठेवलेली नाही, त्यासाठी वेगळी साधनं लागतात.

अवांतर: १९९९ मध्ये सन कंपनीचं सन रे हे टर्मिनल आलं. त्यात स्मार्टकार्ड असायचं. एका टेबलावरून कार्ड काढायचं, दुसऱ्या खोलीतल्या टेबलावर खुपसायचं, की अर्धवट लिहिलेलं वाक्य कर्सरसकट समोर हजर. ओरॅकलने २०१४ च्या सुमारास ते गुंडाळलं. इतकं सुखाचं मला पुढे काही मिळालं नाही.

उगाचच

मला एक कळत नाही. वाइज ५०७० मध्ये एम.२ सॅटा एसएसडी बसते. शंभर-दोनशे जीबीची पट्टी खुपसा, त्यावर लिनक्स टाका, संपलं. पंखा नाही, ६ वॉट, सर्व्हर नको, पीएक्सई नको. ३३३ युनिटांचा प्रश्नच मिटला. घरात तीन माणसं, तीन डबे. याला कसला आलाय सर्व्हर?

नेहमीची_वाचक

+१ उगाचच. मलाही हेच विचारायचं होतं, पण धीर होत नव्हता.

माझी शंका साधी आहे. वडिलांसाठी शांत मशीन हवं आहे. ते बातम्या वाचतात, व्हिडिओ बघतात आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल करतात. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे पंख्याचा आवाज आणि समोरच्याचं बोलणं एकमेकांत मिसळतं. त्यांना असा डबा चालेल का?

निःशब्द

@उगाचच, खरं सांगू? तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे फक्त अर्धं उत्तर आहे. एकच इमेज, एकच बॅकअप, एकच अपडेट, ही सोय मला हवी आहे. डब्यांपैकी एखादा मेला तर दुसरा आणून केबल लावायची, काही इन्स्टॉल करायचं नाही. पण हे सुख मला, म्हणजे घरच्या फुकट्या अ‍ॅडमिनला. वापरणाऱ्याला फरक शून्य. उलट सर्व्हर बसला की तिघांचं काम बसतं. तेही एकदा झालं, खाली लिहितो.

@नेहमीची_वाचक ताई, तुमच्या वडिलांसाठी उगाचच म्हणतात तेच करा. डब्यातच सिस्टिम टाका. व्हिडिओ कॉल रिमोट डेस्कटॉपवरून करायला जाऊ नका. कॅमेऱ्याचं चित्र डब्यातून सर्व्हरकडे, तिथून बाहेर, समोरच्याचं चित्र सर्व्हरवर, तिथून पुन्हा डब्याकडे. आवाज ओठांच्या मागे पडतो, आणि ज्यांना कमी ऐकू येतं ते ओठ बघत असतात.

घेताना चिप कुठल्या पिढीची आहे ते बघा. वाइज ५०७० मधली इंटेलची चिप एच.२६४, एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे व्हिडिओ दाबण्याचे तिन्ही प्रकार हार्डवेअरमध्येच उलगडते. एव्ही१ नाही. माझ्या तिसऱ्या डब्याची चिप २०१३ च्या पिढीची, आणि व्हीपी९ च मुळी २०१३ मधलं, त्यामुळे तो ते हार्डवेअरमध्ये उलगडत नाही. सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि डबा तापतो. ब्राउझरला एच.२६४ च मागायला लावणारं एक्स्टेन्शन टाकलं, मग निवळला.

तिरपी_ओळ

पीएक्सईवर फार पटकन उडी मारलीत हो. आमची रडकथा तिथूनच सुरू होते. डबा चालू केला की काळ्या पडद्यावर ई५१, कोणी पत्ताच देत नाही म्हणून. तीच केबल लॅपटॉपला लावली तर लगेच पत्ता मिळतो. चार दिवस राऊटरला शिव्या दिल्या.

दोष निघाला स्विचचा. जुना मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच फुकट मिळाला होता म्हणून लावलेला, आणि त्यात स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलींचं वर्तुळ होऊ न देणारी सोय, चालू. पोर्टला जोडणी दिसली की तो आधी १५ सेकंद ऐकतो, मग १५ सेकंद शिकतो, आणि त्यानंतरच डेटाची पाकिटं पुढे सोडतो. ३० सेकंद पोर्ट बंदच. लॅपटॉप चिवट, पुन्हा पुन्हा विचारत राहतो. डब्याचं फर्मवेअर तेवढं थांबलं नाही. त्या पोर्टांना पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट न बघण्याची सेटिंग, लावलं आणि पाच मिनिटांत सगळं सुरळीत. घरात साधा अनमॅनेज्ड स्विच असेल तर हा प्रश्न येतच नाही.

त्यानंतर ई५३. याचा अर्थ पत्ता मिळाला पण फाईलचं नाव कोणी सांगितलं नाही. तेव्हा सर्व्हरवरच्या फायरवॉलने प्रॉक्सीचं उत्तर अडवलं होतं. ई५१ आणि ई५३ यांतला फरक पाठ करून ठेवा. पहिल्यात केबल, स्विच आणि राऊटर बघायचे, दुसऱ्यात सर्व्हर.

आणि सिक्युअर बूट बंद करा, नाहीतर आयपीएक्सईची सही नसलेली फाईल डबा घेणारच नाही. बायोसवाल्या जुन्या डब्याला वेगळी फाईल लागते, यूईएफआयवाल्याला वेगळी. एलटीएसपी दोन्ही ठेवतं, पण डीएनएसमास्कची सेटिंग हाताने लिहिणारे इथे हमखास चुकतात. (मी.)

वायरींचा_गुंता

विंडोजवाल्यांचं काय? माझ्याकडे एक दणकट विंडोज ११ मशीन आहे. त्यालाच सर्व्हर करून दोन डबे जोडले तर?

जुना_टर्मिनलवाला

होम आवृत्ती असेल तर विषय तिथेच संपला. तिच्यावर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने येता येत नाही, ती फक्त दुसरीकडे जाऊ शकते. प्रो असेल तर येता येतं, पण एका वेळी एकच. तुम्ही डब्यावरून आत शिरलात की मशीनसमोर बसलेल्याचा पडदा कुलूपबंद. एकाच वेळी अनेकांना बसवायचं तर विंडोज सर्व्हर आणि वर प्रत्येकाचा परवाना. घरासाठी कोणी एवढं करू नये. नेटवर काही 'जुगाड' फाईली सापडतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. परवान्याचा भंग तर आहेच, शिवाय दर अपडेटला मोडतं.

एकट्यासाठी मात्र झकास चालतं. दणकट मशीन दुसऱ्या खोलीत, टेबलावर डबा, मध्ये आरडीपी, म्हणजे विंडोजचा रिमोट डेस्कटॉप. तुमचा जुना विंडोज १० चा संगणक असेल, ज्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तर त्यावर लिनक्स टाकून त्यालाच डबा करता येईल. पण पंखा असेल तर आवाजाचं रडगाणं तसंच राहील.

आणि कृपा करून आरडीपीचं ३३८९ हे पोर्ट राऊटरवरून बाहेरच्या जगाला उघडून देऊ नका. बाहेरून यायचंच असेल तर वायरगार्ड हे व्हीपीएन लावा आणि त्यातून या.

वायरींचा_गुंता

होमच आहे. विषय संपला. :)

वायफायवर डबा चालेल का एवढं सांगा, आमच्याकडे भिंत फोडायला परवानगी नाही.

तिरपी_ओळ

डब्यात सिस्टिम असेल आणि आरडीपी करायचं असेल तर चालेल, अधूनमधून आचके बसतील. वायफायचा वेग पुरतो, पण पाकिटं एकसारख्या अंतराने येत नाहीत, त्यामुळे माऊस मध्येच अडखळतो. वायफायवरून पीएक्सई बूट मात्र विसरा. फर्मवेअरला नेटवर्कचा पासवर्ड सांगणार कोण?

रातकिडा

आवाजाचा धागा आणि आवाजावर कोणीच बोलेना, म्हणून लॉगिन झालो. नावाला जागायला हवं.

पंखा नाही म्हणजे आवाज नाही, हे पूर्ण खरं नाही. बिनपंख्याच्या डब्यातही बारीक किणकिण येते. वीज नियंत्रित करणारी कॉइल थरथरते, कधी कधी सिरॅमिकचे कपॅसिटरही. गंमत म्हणजे काम जास्त असताना हा आवाज गायब होतो आणि डबा निवांत असताना ऐकू येतो, कारण प्रोसेसर सेकंदाला शेकडो वेळा झोपतो आणि उठतो. बायोसमध्ये खोल झोपेच्या सी-स्टेट बंद केल्या तर माझ्याकडे तो थांबला, पण वापर १-२ वॉटने वाढला. दुसरा संशयित अ‍ॅडॅप्टर. एक जुना अ‍ॅडॅप्टर कानाशी धरला तर डासासारखा गुणगुणायचा. बदलला, गेला.

डबा शक्यतो उभा ठेवा, त्याचा स्टँड त्यासाठीच असतो. गरम हवा वर जायला वाट लागते. मॉनिटरच्या पाठीला टांगलात तर वरची झरोक्याची बाजू खरंच वर आहे ना ते बघा. मी दीड वर्ष उलटा टांगला होता.

आता तो अडगळीतला सर्व्हर. दाराआड आहे म्हणून सोडून देऊ नका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, आणि दार लावलं की आणखी. पण फरशी आणि भिंतीतून जाणारी थरथर दाराला जुमानत नाही. जुनी हार्डडिस्क असेल तर तिची घुमघुम शेजारच्या खोलीत पलंगातून ऐकू येते. टॉवरखाली जाड रबर किंवा फोमचा तुकडा घाला. दोन छोटे पंखे काढून एक मोठा, १२० किंवा १४० मिलिमीटरचा, कमी फेऱ्यांवर चालवा. तेवढीच हवा मोठा पंखा संथपणे ढकलतो, आणि आवाज मुख्यतः फेऱ्यांचा असतो.

आणि खोली पूर्ण बंद करू नका. ३८ वॉट म्हणजे जुन्या काळच्या ४० वॉटच्या पिवळ्या दिव्याइतकी ऊब. खाली फट हवी, वर हवा निघायला जागा हवी. नाहीतर खोली तापते, पंखा जोरात फिरतो, आणि तुम्ही परत इथे नवा धागा काढता.

निःशब्द

@गणिती यांनी टोचलेली सुई बोचत होती, म्हणून सर्व्हरला झोपवायचं मनावर घेतलं. दोन आठवडे गेले. जमलंय, पण सरळ नाही जमलं.

प्रश्न असा, की सर्व्हर झोपला तर डब्याच्या हाकेला ओ कोण देणार? त्याला उठवायला वेक-ऑन-लॅनचं जादूचं पाकीट लागतं. सहा बाइट सगळ्या बिट्स एक असलेले, त्यापुढे सर्व्हरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा कायमचा क्रमांक) सोळा वेळा. एकूण १०२ बाइट. डबा ते स्वतः पाठवत नाही. पण राऊटर कायम जागाच असतो! माझ्या राऊटरमध्ये ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राऊटरसाठीचं लिनक्स, आहे. त्याच्या नोंदींवर नजर ठेवणारी छोटीशी स्क्रिप्ट लिहिली: तीन डब्यांपैकी कोणाचाही मॅक पत्ता हाक मारताना दिसला की पाकीट सोड.

सर्व्हर उठेपर्यंत डबा थांबेल का, ही भीती होती. पीएक्सईच्या नियमात हाका ४, ८, १६ आणि ३२ सेकंदांच्या अंतराने मारायच्या असतात, म्हणजे मिनिटभराची मुदत. माझा सर्व्हर सस्पेंडमधून आठ-दहा सेकंदांत उठतो. तिसऱ्या हाकेला ओ मिळते. @तिरपी_ओळ, तुमची स्पॅनिंग ट्री सर्व्हरच्या पोर्टवर असती तर मात्र हे रडलं असतं.

आता फजिती. झोपवण्याची स्क्रिप्ट लिहिताना मी 'सर्व्हरवर कोणी लॉगिन नसेल तर वीस मिनिटांनी झोप' असं लिहिलं. आमच्याकडे प्रोग्रॅम डब्यावर चालतात, सर्व्हरवर लॉगिन कोणाचंच दिसत नाही. जुना_टर्मिनलवाला यांनी 'तुमचे डबे थिन नाहीत' म्हणून सांगितलं होतं, ते वाचलं पण डोक्यात उतरलं नव्हतं. सर्व्हर वीस मिनिटांनी निवांत झोपला आणि तिन्ही डबे जागच्या जागी गोठले. बायको एक लांबलचक अर्ज भरत होती. पुढचं लिहीत नाही.

सर्व्हर उठवल्यावर डबे जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू झाले, एवढं एनएफएसचं चांगलं. अर्जाची वेबसाइट मात्र तेवढी सहनशील नव्हती.

आता स्क्रिप्ट तिन्ही डब्यांना पिंग करते. एकाचंही उत्तर आलं की झोपायचं नाही. बस्स.

गणिती

शाबास. आता सर्व्हर रोज साधारण किती तास जागा असतो?

निःशब्द

नऊ, जास्तीत जास्त. झोपेत २ वॉट खातो.

गणिती

३८ गुणिले ९, वर्षाला १२५ युनिट. झोपेचे १५ तास, २ वॉट, ११ युनिट. डबे ३९. एकूण १७५. आधीच्या ३८१ च्या निम्म्याहूनही कमी. याला बचत म्हणतात.

उगाचच यांच्या पद्धतीने, म्हणजे सर्व्हरशिवाय, नुसते ३९. हेही मांडून ठेवतो. तुमची एक इमेज आणि एक बॅकअप यांची किंमत वर्षाला १३६ युनिट. ती योग्य की अयोग्य हे गणित सांगत नाही.

आणि मॉनिटर? २४ इंची असेल तर २० वॉटच्या आसपास खात असेल. म्हणजे ज्या डब्यासाठी एवढा धागा पिंजला, त्याच्या तिप्पट वीज त्याच्या समोरची काच खाते. तो झोपतो ना वेळेवर?

उगाचच

मी आता जिंकल्यासारखा दिसतोय, पण एक कबूल करतो. माझ्याकडे चार डबे आहेत, प्रत्येकात वेगळी सिस्टिम. गेल्या महिन्यात चौघांचे अपडेट करताना एका डब्यावर छपाई बंद पडली, दुसऱ्यावर आवाज. रविवार गेला. एलटीएसपीची पानं उघडून बसलोय. सर्व्हर न ठेवता नुसत्या होम फोल्डरांचा बॅकअप एका जागी घेता येईल का, ते आधी बघतो.

नेहमीची_वाचक

कळवायचं राहून गेलं. वडिलांसाठी वाइज ५०७० घेतला, आतच लिनक्स टाकून दिलं. एक गोष्ट इथे कोणी सांगितली नव्हती: या डब्याला एचडीएमआय नाही, डिस्प्लेपोर्ट आहे. घरी आणल्यावर केबल बसेना. साधं कन्व्हर्टर चाललं. आणि वेळ सारखी मागे जात होती, तर आतली नाण्यासारखी बॅटरी, सीआर२०३२, संपलेली निघाली. जुना डबा घेणाऱ्यांनी ती आधीच बदलावी. तारीख चुकीची असली की सुरक्षित वेबसाइट उघडतच नाहीत, आणि वडिलांना वाटलं इंटरनेट गेलं.

व्हिडिओ कॉल छान चालतो. पहिल्याच कॉलमध्ये त्यांनी विचारलं, 'चालू आहे ना हे?'

निःशब्द

@नेहमीची_वाचक ताई, केबलचं सांगायला हवं होतं, चुकलंच.

@गणिती, मॉनिटर मोजला. २२ वॉट. दहा मिनिटांत झोपेल असं लावलंय.

आणि आता एक विचित्र गोष्ट. तिसरा डबा मी सर्व्हरवरून काढून त्यात स्वतंत्र सिस्टिम टाकली, लेक त्यावर व्हिडिओच बघते. माझ्या टेबलावर वाइज आहे, पंखा नाही, सर्व्हर झोपलेला, अ‍ॅडॅप्टर कानाला लावून बघितला, गप्प. तरी रात्री एक बारीक सूं ऐकू येतो. डबा बंद केला तरी येतो. आधी टॉवरच्या घरघरीत हा कधी ऐकूच आला नसणार. रातकिडा, काय असेल?

रातकिडा

मॉनिटर. ब्राइटनेस शंभरवर नेऊन बघा. काही मॉनिटर उजेड कमी करायला मागचा दिवा भराभर चालू-बंद करतात, त्याचा सूं येतो. शंभरवर दिवा सलग जळतो, मग थांबेल.

निःशब्द

थांबला! पण आता डोळे दिपतायत. आणि मीटर २९ दाखवतंय.

गणिती

बघतोय मी.

रातकिडा

साठच्या पुढे सरकवत न्या, प्रत्येक पायरीवर थांबून ऐका. माझ्याकडे ७२ ला गप्प झाला होता.